न लागणाऱ्या वस्तू

"वहिनी, चोर सापडला बरं का," मच्छिंद्र बिलाचा कागद फाडता फाडता म्हणाला, आणि शकूच्या डाव्या मुठीत रुमालाखाली धरलेलं केसांच्या चिमट्यांचं पाकीट तिला एकदम जड वाटायला लागलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. पोह्याची पिशवी, तेलाची पिशवी, साबण असं एकेक तो तिच्या कापडी पिशवीत नीट रचत होता, जसं तो फक्त तिच्याच पिशवीत रचायचा. बाकीच्या गिऱ्हाइकांना आपलं आपण भरून घ्यावं लागे. "कोण?" असं तिने विचारलं असावं, कारण त्याने उत्तर दिलं. इंदुबाई. मागच्या बाजूला डाळी-कडधान्यं भरायच्या, रॅक पुसायच्या, त्या इंदुबाई. बारीकसारीक वस्तू कमी पडत होत्या, वर्षभर. नेलपॉलिश, वेलदोड्याच्या पुड्या, क्लिपा, असंच फालतू. काल त्याने तिला सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नका. "आता तुमच्या बिल्डिंगमधून काडी हलायची नाही," तो म्हणाला आणि पिशवी तिच्या उजव्या हातात दिली. डावा हात तिने पुढे केला असता तर त्याने डाव्या हातात दिली असती का, हे ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला विचारत राहिली.

बिल्डिंग खरंच तिची होती, म्हणजे तिच्या नवऱ्याची, सर्जेरावांची. धायरीच्या या वळणावर वीस वर्षांपूर्वी त्यांचा हरभरा असायचा. शकू लग्न होऊन वेल्ह्याकडून इथे आली तेव्हा धायरी अजून गाव होतं, संध्याकाळी गुरं रस्त्यानेच परतायची, आणि शेताच्या या कोपऱ्यावर एक बोरीचं झाड होतं. आता बोरीच्या जागी दुकानाचं सरकतं दार होतं. त्याच्या बाहेर पडल्यावर नेहमी जे व्हायचं ते आज झालं नाही. एरवी दार मागे सरकलं, उन्हात पाऊल पडलं, की छातीत काहीतरी सुटायचं, बांध फोडल्यावर पाटाला पाणी सुटावं तसं, आणि चार-पाच पावलं ती अगदी हलकी चालायची. त्या चार-पाच पावलांसाठीच तर सगळं होतं. आज पाणी सुटलं नाही. सोसायटीच्या वॉचमनने नमस्कार केला, तिने मान हलवली, लिफ्टमध्ये आरसा होता त्याच्याकडे पाठ केली. घरात येऊन तिने पोहे डब्यात ओतले, साबण मोरीत ठेवला, आणि मग स्टुलावर चढून माळ्यावरचा पापडाचा पत्र्याचा डबा खाली काढला. झाकण उघडलं की वेलदोड्याचा वास यायचा, कारण पुड्या फोडलेल्याच नव्हत्या पण वास कागदातून झिरपायचा. क्लिपा, रिळं, सुया, दोन लिपस्टिक, लहान मुलाचा दात घासायचा ब्रश, एक खोडरबर, बाळाचे पिवळे मोजे. घरात लहान मूल नव्हतं. मुलगी तेजस्विनी लग्न होऊन बाणेरला गेली होती आणि तिला एवढ्यात मूल नको होतं. शकू लिपस्टिक लावत नव्हती. या डब्यातली एकही वस्तू कुणाच्या उपयोगाची नव्हती आणि एकही तिने कधी वापरली नव्हती. चिमट्यांचं पाकीट तिने त्यात टाकलं आणि झाकण दाबून लावलं.

इंदुबाई. तिने चेहरा आठवायचा प्रयत्न केला. नऊवारी नाही, सहावारीच, पदर खोचलेला, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. यवतमाळकडची बाई, बोलताना शब्द लांबवणारी. एकदा शकू मसाल्यांच्या रॅकपाशी उभी होती, हात नुकताच पुड्यांवर गेला होता, आणि इंदुबाई शेजारीच स्टुलावर उभी राहून वरची धूळ पुसत होती. "सरका जी थोड्या, डोळ्यात जाईन," असं ती म्हणाली होती. शकू सरकली होती आणि सरकता सरकता पुडी घेऊन गेली होती. म्हणजे ती बाई तेव्हा तिच्या डोळ्यांची काळजी करत होती. हे आठवल्यावर शकू मोरीत गेली आणि उगाचच हात धुवत राहिली.

हे कधी सुरू झालं ते तिला नेमकं सांगता आलं असतं, कुणी विचारलं असतं तर. तेजस्विनीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सगळे एका मोठ्या मॉलमध्ये गेले होते, आणि गर्दीत लिपस्टिक दाखवणाऱ्या मुलीने शकूच्या हातात एक नळी दिली, बघा म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. सर्जेराव पुढून हाक मारत होते. शकू चालू लागली आणि दाराबाहेर आल्यावर तिला कळलं की नळी हातातच आहे. परत जायला दहा पावलं होती. ती गेली नाही. उलट तिला जाणवलं की आपल्या कानांतला सगळा गोंगाट थांबलाय, बाकीची जमीन विकल्यापासून जो एक घुं-घुं आवाज घरभर आणि डोक्यात भरून राहिला होता तो थांबलाय, आणि आपण इथे आहोत, अगदी इथे, या पायरीवर. पण खरं सांगायचं तर त्याच्याही आधीचं एक होतं. ते ती स्वतःलाही सहसा सांगत नसे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, पोटुशी असताना, तिला गुळाची अशी ओढ लागायची की दुपारी झोप यायची नाही. कोठीच्या खोलीची किल्ली सासूच्या, मुक्ताबाईंच्या, कमरेला. पण दुपारी त्या कलंडल्या की किल्ली उशाशी यायची. शकू काळोखात उभी राहून गुळाचा खडा तोंडात धरायची, चावायचीसुद्धा नाही, आवाज होईल म्हणून. पंधरा दिवसांनी पंगतीत मुक्ताबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कोठीतला गूळ हल्ली मुंग्या न्यायला लागल्यात. चांगल्या दोन पायांच्या मुंग्या हायेत." सगळे हसले. सर्जेरावही हसले. शकूही हसली. मान खाली घालून भात कालवताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तरी त्या शरमेच्या आत कुठेतरी एक विचित्र ऊब होती, की या घरात आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघितलं.

आता घरात सगळ्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. मुक्ताबाई जाऊन अकरा वर्षं झाली होती. कपाटाची, लॉकरची, गच्चीची, गाडीची दुसरी किल्ली. काही मागायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं, दिवसभर काही करायचंही नव्हतं. भांडीवाली, पोळीवाली, झाडूवाली येऊन जायच्या आणि दुपारी दोन वाजता ती गॅलरीत उभी राहून समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या बघायची, जिथे तिच्यासारख्याच बायका उभ्या असायच्या. तेव्हा पाय आपोआप खाली दुकानात जायचे. आज मी काही घेणार नाही, असं ती प्रत्येक वेळी लिफ्टमध्ये म्हणायची. तिने शपथा घालून पाहिल्या होत्या, सोमवार धरले होते, मोकळ्या हाताने जाऊन पाहिलं होतं. हात मोकळे असले की आणखीच सोपं जायचं.

तीन दिवस ती घराबाहेर पडली नाही. या तीन दिवसांत तिने मनाशी पुष्कळ व्यवस्था लावल्या. इंदुबाईला दुसरीकडे काम लागेल, पुण्यात कामाला काय तोटा. किंवा आपणच तिला स्वयंपाकाला ठेवू, दुपटीने देऊ. किंवा मच्छिंद्रला म्हणू, जाऊ दे, गरीब बाई आहे, घे परत. हा शेवटचा विचार सगळ्यात सोयीचा होता आणि तो सुचल्यावर तिला रात्रभर बरी झोप लागली. सकाळी उठून दात घासताना तिच्या ध्यानात आलं की असं म्हटलं तर इंदुबाई कायमची चोर होईल, आणि आपण वरून दयाळू. ब्रश तोंडात धरून ती आरशात बघत राहिली. त्याच दिवशी दुकानातल्या दुसऱ्या बाईकडून तिने पत्ता काढला, गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही टाळून रिक्षा केली, आणि वारज्याला गेली.

हायवेच्या अलीकडे, पत्र्याच्या दोन खोल्या. इंदुबाई दारातच मेथी निवडत बसली होती. शकूला बघून ती चटकन उठली, आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पाणी आणलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जी आशा आली ती शकूला बघवेना. मालकीणबाई स्वतः आल्या म्हणजे कामाचंच काहीतरी असणार. शकूने पाणी हातात धरलं, प्यायली नाही. कुठून सुरुवात करावी हे रिक्षात तिने दहा वेळा ठरवलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य आता उपयोगी नव्हतं. "त्या वस्तू मी न्हेल्यात," ती म्हणाली. "वर्षभर. मीच."

इंदुबाई परत खाली बसली. तिने मेथीची जुडी घेतली आणि पानं खुडायला लागली, एकेक, घाई न करता, आणि बराच वेळ खुडत राहिली. हायवेवरून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकला पत्रा थरथरत होता. मग मान वर न करता तिने विचारलं, "तुमाले काय कमी हाये जी?"

हाच प्रश्न शकूनेही स्वतःला विचारलेला होता, पण दुसऱ्याच्या तोंडून तो इतका साधा, इतका खरोखरीचा असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती म्हणाली की तिला माहीत नाही. ती म्हणाली की हात ऐकत नाही. मग तिने कामाचं बोलून पाहिलं, घरी या, हवं ते देते, आणि बोलता बोलता तिलाच ते घाणेरडं वाटायला लागलं.

इंदुबाईने काड्या एका बाजूला लोटल्या. मग ती सावकाश बोलली, आणि रागाने बोलली असती तर शकूला सोपं गेलं असतं. "माही पिशवी त्यानं सगळ्यायसमोर उलटी केली. त्यात भाकर होती अन चष्म्याचं घर होतं. त्याचं काई नाई. पण संध्याकाळी घरी आली त माह्या पोरानं मले इचारलं. माय, तू खरंच नेलं का काई? इतकंच इचारलं त्यानं. मी त्याले लहानाचं मोठं केलं, तो कंपनीत लागला, अन त्यानं मले असं इचारलं." तिने मांडीवरची पानं झटकली. "तुमी मले इथं येऊन सांगून रायल्या. इथं सांगून काय होते? जिथं पिशवी उलटी केली, तिथं सांगा."

शकू उठली. खुर्ची आत ठेवू का असं तिने विचारलं. राहू द्या, असं इंदुबाई म्हणाली, आणि पाण्याचा भरलेला पेला तिच्या हातातून काढून घेऊन मोरीजवळच्या तुळशीला ओतला.

परतताना रिक्षात तिला एकदा वाटलं, सांगून झालं की. ओझं उतरलं. एका माणसाला तर सांगितलं. पण सिंहगड रोडला लागल्यावर सिग्नलला गाड्यांचा जो गच्च घोळका उभा होता त्यात रिक्षा अडकली, ऊन मांडीवर पडलं, आणि तिला दिसायला लागलं की दुकानात त्या वेळी कोण कोण असेल. मच्छिंद्र. काउंटरवरच्या दोन मुली. दूध घ्यायला येणारे निवृत्त साहेब. भजनी मंडळातल्या बायका. त्यातली प्रत्येक बाई तिला वहिनी म्हणत होती, हळदीकुंकवाला तिच्या हातचं वाण घेत होती. त्या सगळ्यांचे डोळे तिने एकेक करून स्वतःवर लावून पाहिले. धायरी फाट्यावर उतरून चालत जावं, कुठेतरी निघून जावं, माहेरी, असं मनात आलं. माहेरी आता कोणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पत्र्याचा डबा घेऊन ती लिफ्टने खाली उतरली. डब्यात वस्तू हलत होत्या, पावलागणिक आवाज होत होता. सरकतं दार उघडलं. काउंटरवर तिने डबा उपडा केला. एक रीळ घरंगळत जाऊन खाली पडलं आणि काउंटरवरच्या मुलीने ते सवयीने उचलून वर ठेवलं. कित्येक पाकिटांवर दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच होती.

मच्छिंद्र उठला. त्याने आधी मुलींना आत पाठवलं, मग वस्तूंकडे बघितलं, मग हसला. वहिनी, तुमचं मन मोठं आहे, असं तो म्हणाला. त्या बाईसाठी एवढं करताय. कुठून गोळा केल्या या वस्तू, तिने आणून दिल्या का तुमच्याकडे? शकूला क्षणभर समजलंच नाही तो काय म्हणतोय. मग समजलं, आणि समोर एक दार उघडं दिसलं, रुंद, स्वच्छ, नुसतं मान हलवून आत जायचं. हो म्हटलं की झालं. इंदुबाईने पश्चात्तापाने आणून दिल्या, मी मध्यस्थी केली. गाव म्हणेल, वहिनी देवमाणूस. तिची मान हललीसुद्धा असती. पण हसताना मच्छिंद्रचे डोळे तिच्यावर होते आणि ते हसत नव्हते. ते डोळे तिने ओळखले. पंगतीत भात वाढताना मुक्ताबाईंचे असेच होते.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

मच्छिंद्रने बाहेर एक नजर टाकली. मग आवाज खाली आणून, एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं तो म्हणाला, "अहो वहिनी, चार कॅमेरे काय मी शोभेला लावलेत? पण गाळा तुमचा. तुमच्या घरी येऊन मी काय सांगणार होतो, आणि कुणाला? कुणाला तरी काढलं की बाकीचे जरा सरळ वागतात. म्हटलं, तुमच्याही कानावर घालावं. समजायचं ते समजाल." त्याने वस्तू डब्यात परत भरायला सुरुवात केली. "समजलात. विषय संपला. हे घरी न्या."

शकूच्या कानांत घुं-घुं सुरू झालं होतं. तो डबा भरत होता, आणखी चार वस्तू, तीन वस्तू, आणि डबा भरला की खरंच सगळं संपणार होतं. तेवढ्यात दार सरकलं आणि दूध घ्यायला येणारे साहेब आत आले, त्यांच्या मागे भजनी मंडळातल्या दोघी. शकूने आतल्या मुलींना हाक मारली. स्वतःचा आवाज तिला शेतावरून मजुरांना हाक मारायचा तसा वाटला, इतका जुना, इतका मोठा. मुली बाहेर आल्या. "इंदुबाईंनी या दुकानातलं काय बी न्हेलेलं नाय," ती म्हणाली. "वर्षभर मी चोरत होते. हे बघा, हे सगळं. मच्छिंद्रला ठाऊक हाय. आता त्याने इंदुबाईंना फोन करून तुमच्यासमोर माफी मागायची." साहेबांनी फ्रीजमधून काढलेली दुधाची पिशवी त्यांच्या हातातच ठिबकत होती. एका मुलीने शकूच्या पाटल्यांकडे बघितलं, मग डब्याकडे, मग परत पाटल्यांकडे.

फोन झाला. मच्छिंद्र फोनवर काय बोलला ते तिने ऐकलं, पण पलीकडून काय आलं ते तिला कळलं नाही. पुढे तिला समजलं की इंदुबाई कामावर परत आली नाही. ती एकदाच आली, मुलाला, बद्रीनाथला, बरोबर घेऊन. मच्छिंद्रकडून तिने एका कागदावर लिहून घेतलं की या बाईने काही नेलेलं नाही, मुलाला तो तिथेच मोठ्याने वाचायला लावला, घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवला आणि निघून गेली. नंतर कर्वेनगरला मुलांच्या एका मेसमध्ये ती पोळ्या लाटते असं कुणीतरी म्हणालं. शकू तिला पुन्हा भेटली नाही. भेटावंसं तिला फार वाटायचं आणि तेवढ्यासाठीच ती गेली नाही.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. सर्जेराव सोफ्यावर बसले होते, टीव्ही बंद. तिला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "किती जण होते?" तिने सांगितलं. त्यांनी मोजल्यासारखी मान हलवली आणि उठून आत गेले. पुढचे आठ दिवस ते ताट समोर आलं की जेवत आणि ताटाशीच बोलल्यासारखं बोलत. नवव्या दिवशी म्हणाले, बाहेरचं काही असेल तर गाणगापूरला जाऊन येऊ. ती म्हणाली, बाहेरचं नाही, आतलं आहे, मी डॉक्टरकडे जाते. मी येऊ का, असं त्यांनी विचारलं, आणि ती काही बोलायच्या आत, मी गाडीत बसेन, असंही म्हणाले. ते खरोखर गाडीतच बसले, दर गुरुवारी, कर्वेनगरला दवाखान्याखाली, काच वर करून. शकूला त्याचा राग यायचा आणि वर जिना चढताना मागे वळून गाडी तिथेच आहे ना हे ती बघायचीही.

डॉक्टरबाई तरुण होत्या. हा आजार आहे, असं त्यांनी सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि आजार आहे म्हणून केलेलं पुसलं जात नाही, हेही सांगितलं. भजनी मंडळाने तिला बोलावणं बंद केलं. तेजस्विनी फोनवर रडली आणि मग दोन महिने फोन केला नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी शकूने तबक तयार केलं आणि पोळीवालीशिवाय कोणी आलं नाही. पोळीवालीने वाण घेतलं आणि, बसू का थोडी, असं विचारून खरंच बसली. तिसऱ्या महिन्यात, दवाखान्याच्या खालच्या मेडिकलमध्ये गोळ्या घेताना, जखमेवर लावायच्या पट्ट्यांचं एक पाकीट शकूच्या हातात आलं आणि ती बाहेर पडली. चार पावलं. पाणी सुटलं, तस्संच, पहिल्यासारखं, जणू मधले तीन महिने नव्हतेच. गाडीत सर्जेराव डोळे मिटून बसले होते. ती गाडीच्या दारापर्यंत गेली, दांडीला हात लावला, मग वळली, दोन मजले चढून वर गेली आणि पाकीट डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवून समोर बसून राहिली. डॉक्टरबाईंनी तिला शाबासकी दिली नाही. खाली जाऊन ते परत कसं द्यायचं, काय म्हणायचं, तेवढं बोलल्या. ती गेली. म्हटलं.

नंतर एका गुरुवारी डॉक्टरबाईंना उशीर होता, सर्जेरावांना कुणाचा तरी फोन आला होता आणि ते गाडीत हातवारे करत बोलत होते. शकूला एका ब्लाउजला हूक हवे होते. दोन दुकानं सोडून शिवणाच्या सामानाचं एक जुनं दुकान होतं, आत अरुंद, काचेच्या बरण्यांत बटणं, मणी, टिकल्या, आणि काउंटरवर उघड्या पेट्यांत सुट्टी बटणं, शिंपल्यासारखी, हिरवी, पोवळ्याच्या रंगाची. कॅमेरा नव्हता. हे तिने आत पाऊल टाकतानाच बघून घेतलं होतं, आणि आपण ते बघितलं हे तिला नंतर कळलं. मालक शिडीवर चढून वरच्या खणात काहीतरी शोधत होता, त्याची पाठ तिच्याकडे. रस्त्याचा आवाज कानांत यायचा बंद झाला. एक पोवळ्याच्या रंगाचं बटण होतं, एकच, बाकीच्यांपासून थोडं बाजूला, आणि तिचा हात पेटीच्या कडेवर होता. तो तिथे कधी आला? नको, असं ती मनात म्हणाली. नको म्हणण्याचा हातावर काही परिणाम झाला नाही. बाहेर पड, असं म्हणाली. पायही ऐकत नव्हते.

शेजारी एक बाई उभी होती. साठीची, पंजाबी ड्रेस, पांढरे बूट, हातात लेसचा तुकडा, तो उजेडात धरून तपासत होती.

"अहो, जरा माझा हात धरता का?" शकू म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "चक्कर येतेय?"

"नाही."

"मग?"

"नुसता धरा. थोडा वेळ."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं. पाटल्या बघितल्या, पेटीच्या कडेवरचा हात बघितला. मग लेस उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि शकूचं मनगट धरलं, रस्ता ओलांडताना मुलाचं धरतात तसं, घट्ट, काहीसं वैतागून.

"यात मोतिया नाही का हो?" त्या शिडीकडे बघून म्हणाल्या. "हा पांढरा आहे. पांढरा आणि मोतिया यातला फरक कळत नसेल तर दुकान कशाला टाकलं?"

मालक वरून म्हणाला की हाच मोतिया. बाई म्हणाल्या, उजेडात येऊन बघा. तो उतरेना. वाद चांगलाच लांबला, आणि शकू त्यातला एकेक शब्द ऐकत उभी राहिली. मनगट दुखायला लागलं होतं.